काही नाही, असंच

मागच्या महिन्यात एका रात्री पावणेबाराच्या सुमाराला भाच्याचा मेसेज आला. "मावशी जागी आहेस?" मी नुकताच ओटा पुसून आडवी झाले होते, डोळ्यांवर झापड होती, तरी "बोल रे" टाकलं. मग वर ते टायपिंग टायपिंग दिसायला लागलं. थांबलं, परत सुरू झालं, परत थांबलं. चांगली तीन-चार मिनिटं हे चाललं, मला वाटलं आता मोठा निबंधच येतोय, बहुतेक ताईशी भांडला असणार नाहीतर कोणीतरी मुलगी वगैरे. आलं ते एवढंच, "काही नाही, असंच." आणि पुढे एक हसरा चेहरा. मी पण एक अंगठा टाकला आणि झोपून गेले. अंगठा! दुसऱ्या दिवशी सकाळी टीएमटीची बस ठाण्यात तीन हात नाक्याला मेट्रोच्या कामात नेहमीप्रमाणे अडकली होती, बाजूच्या बाईचा ओला डबा माझ्या मांडीला लागत होता आणि मी सहज फोन उघडला तर तो अंगठा समोर. पोटात काहीतरी खाली गेल्यासारखं झालं. एकोणीस वर्षांचा मुलगा, ऐरोलीला स्वतःच्या खोलीत, परीक्षेला तीन आठवडे असताना, रात्री पावणेबाराला मावशीला असंच मेसेज करत नाही. मला हे कळायला हवं होतं, कारण एकेकाळी हे वाक्य मी दिवसातून दहा वेळा वापरायचे.

आईने विचारलं तोंड का उतरलंय, काही नाही. बाबांनी विचारलं रिझल्ट कधी, लागेल की. मैत्रिणीने विचारलं लायब्ररीत एकटी काय बसलीस, असंच गं.

२००९ सालची गोष्ट. नवी मुंबईतल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजला होते, नाव जाऊ दे. आम्ही वर्तकनगरला राहायचो. बाबा वागळे इस्टेटमधल्या कंपनीत टर्नर होते, कंपनी बंद पडल्यावर एका सोसायटीत सिक्युरिटी सुपरवायझर झाले आणि तरीही त्यांनी माझी फी एकदाही उशिरा भरली नाही, हे मला तेव्हा अभिमानाचं कमी आणि ओझ्याचं जास्त वाटायचं. दहावीपर्यंत मराठी मीडियम, बारावीला गणितात ८८. चाळीतून बिल्डिंगमध्ये आलेल्या आमच्या सगळ्या मजल्याला माहीत होतं की हिचं गणित चांगलं आहे. आणि मग फर्स्ट इयर. एम-वन, म्हणजे पहिल्या सेमिस्टरचं गणित, चाळीसवर काठावर सुटला. दुसऱ्या सेमिस्टरच्या एम-टूला तेवीस. शंभरपैकी. पासिंगला चाळीस लागायचे. पहिला प्रश्न कम्पल्सरी, उरलेल्या सहातून कुठलेही चार, असा तो पेपर, आणि मी त्या सहातून चार निवडायला जी बसले ती निवडतच राहिले, कारण नावडता काढायला आधी आवडता एखादा असावा लागतो. केटी लागली. केटी म्हणजे टर्म कीप करायची परवानगी, म्हणजे खरं तर ती सवलत आहे, पण आमच्या मजल्यावर तो शब्द एखाद्या आजारासारखा म्हणायचे, आवाज खाली आणून. "कमिटीवाल्यांच्या मुलाला केटी लागली म्हणे." मी घरी सांगितलं की रिझल्टमध्ये काहीतरी घोळ आहे, रिव्हॅल्युएशनला टाकतेय.

टाकलं नव्हतं. घोळ नव्हताच कसला.

मला नेमकं काय होत होतं ते आज नीट सांगता येतं, तेव्हा येत नव्हतं. वर्गात सर फळ्यावर लिहायचे, मी वहीत उतरवायचे. अक्षर सुंदर. माझ्या वह्या झेरॉक्सला फिरायच्या, ही त्यातली गंमत. पण उतरवणं आणि कळणं यांच्यात जी फट पडली होती ती सप्टेंबरमध्ये बोटभर होती आणि मार्चमध्ये त्यातून बस गेली असती. लेक्चर संपताना सर विचारायचे, "एनी डाउट्स?" आणि फळा पुसायला घ्यायचे. ते वाईट नव्हते हं, विचारायचे बिचारे, दर वेळी विचारायचे. पण डाउट असायला सुद्धा थोडंफार यावं लागतं. तिसरी स्टेप कशी आली असं तोच विचारू शकतो ज्याला पहिल्या दोन कळल्यात. माझ्याकडे डाउट नव्हता, माझ्याकडे नुसतं धुकं होतं, आणि धुक्याचा हात कसा वर करायचा. एकदा धीर करून स्टाफरूमपर्यंत गेले होते. दारातून दिसलं की सर टिफिन उघडतायत, पोळीभाजीचा वास आला आणि मी परत फिरले, मनात म्हटलं जेवू दे त्यांना. नंतर ते रोजच जेवत असायचे, म्हणजे मी त्याच वेळेला जायला लागले.

क्लास लावायचा तर राम मारुती रोडला क्लासेस होते की भरपूर, पण त्यांची फी बाबांना सांगायची म्हणजे केटी सांगायची. आणि खोटं का बोलू, मला असंही वाटायचं की क्लास लावून पण नाही आलं तर मग काय. मदत न घेता नापास झालं तर निदान एक कारण शिल्लक राहतं.

ऑगस्टमधल्या एका संध्याकाळी नेरूळहून सुटणाऱ्या ठाणे लोकलमध्ये लेडीजमध्ये बसले होते. बाहेर धो धो पाऊस, खिडक्या बंद, आत ओल्या छत्र्या, ओल्या ओढण्या आणि कोणीतरी उघडलेल्या चकलीच्या पाकिटाचा वास. समोरच्या बाकावर आमच्याच कॉलेजच्या एक मॅडम. मला शिकवायला नव्हत्या, दुसऱ्या डिव्हिजनला होत्या, तासिका तत्त्वावर, म्हणजे जेवढे तास घेतले तेवढे पैसे. स्टेशनबाहेरून घेतलेली गवार मांडीवर पेपर पसरून मोडत बसल्या होत्या. मी ओळख नसल्यासारखं खिडकीकडे बघायला लागले, खिडकी बंद होती तरी. जुईनगर गेलं असेल. त्या मान वर न करता म्हणाल्या, "तू मे महिन्यात एम-टूच्या पेपरला माझ्या ब्लॉकला होतीस ना? एक तास लिहिलंस आणि दोन तास पंख्याकडे बघत होतीस." मला इतकं कसंनुसं झालं. आजूबाजूला सहा बायका, सगळ्या ऐकतायत. मी म्हटलं हो मॅडम, ते जरा तब्येत. "काय येत नाही?" मी म्हटलं, "सगळंच." त्या हसल्या नाहीत. "सगळंच असा चॅप्टर कुठल्या युनिटमध्ये आहे गं?" आणि मुठभर गवार माझ्या ओंजळीत टाकली. "धर, मोड. दोन्हीकडच्या शिरा काढ. आणि सांग, कुठपर्यंत कळलं होतं?"

हा प्रश्न मला तोपर्यंत कोणी विचारला नव्हता. काय नाही कळलं असं सगळे विचारायचे.

मला सांगायला तुर्भे ते कोपरखैरणे एवढा वेळ लागला. डिफरन्शिएशन येत होतं. साधं इंटिग्रेशन पण येत होतं, बारावीतलं. डबल इंटिग्रल आलं आणि त्यात चेंज ऑफ ऑर्डर आली, तिथे माझा हात सुटला. सर लिहायचे की नवीन लिमिट्स आता अशा होतील, आणि त्या खरंच तशा व्हायच्या, जादूसारख्या, पण का ते मला कधीच दिसलं नाही. मॅडमनी वही मागितली. एक्स अक्ष, वाय अक्ष, वाय बरोबर एक्स ही तिरकी रेघ, वर वाय बरोबर एक ही आडवी रेघ, मध्ये अडकलेला त्रिकोण. मग गवारीची एक शेंग उचलून त्या त्रिकोणावर उभी ठेवली. "ही तुझी पट्टी. खालचं टोक कुठे टेकलंय? तिरक्या रेघेवर. वरचं? एकवर. झाल्या तुझ्या आतल्या लिमिट्स, एक्सपासून एकपर्यंत. आता हिला डावीकडून उजवीकडे सरकव. कुठून कुठे सरकते? शून्यापासून एक. त्या बाहेरच्या." मग तीच शेंग आडवी केली. "आता बघ. डावं टोक कुठे?" वाय अक्षावर. "उजवं?" तिरक्या रेघेवर. मी ते म्हटलं आणि माझ्याच तोंडून आलेलं मलाच ऐकू आलं. शून्यापासून वायपर्यंत. एवढंच होतं ते. वर्षभर मी जे पाठ करत होते ते एका शेंगेचं उभं-आडवं होणं होतं.

गणितही त्यांनी तसंच निवडलं होतं. आत ई रेज टू वाय स्क्वेअर. दिलेल्या क्रमाने गेलं तर आधी वायने इंटिग्रेट करावं लागतं आणि ते नेहमीच्या कुठल्याच फॉर्म्युल्याने होत नाही, कितीही हुशार असाल तरी. शेंग आडवी केली की आधी एक्सने करायचं, त्यात एक वाय बाहेर पडतो, आणि मग वाय स्क्वेअर बरोबर टी घेतलं की सरळ ई वजा एक, भागिले दोन. म्हणजे मी परीक्षेत ज्या गणितावर वीस मिनिटं डोकं आपटलं होतं ते तसं सुटणारच नव्हतं. ऐरोलीला उतरायला उठलेली एक बाई मध्येच वाकून म्हणाली, "मॅडम, आमच्या पोरालापण सांगा हो असं." सगळ्या हसल्या. मी पण. खूप दिवसांनी हसले असेन.

त्यानंतर ऑक्टोबरपर्यंत दहा-बारा वेळा तरी त्या गाडीत भेटल्या असतील. ठरवून नाही, त्यांचे तास ज्या दिवशी असतील त्या दिवशी. कधी मेथी, कधी वालाच्या शेंगा, एकदा लसूण, त्याचा वास दुसऱ्या दिवशी वहीला येत होता. अर्धा-पाऊण तासाचा प्रवास, त्यातली दहा मिनिटं त्यांच्या सासूच्या गुडघ्यांची, आणि उरलेल्यात एकच गणित. एकाहून जास्त कधीच नाही. मला वाटायचं यांनी भराभर सगळं करून घ्यावं, परीक्षा जवळ आलीये, आणि त्या आपल्या मागेच नेत होत्या, आठवीतले अपूर्णांक, नववीतले आलेख. मराठीत. "छेदनबिंदू म्हणायचो ना आपण, तेच हे पॉइंट ऑफ इंटरसेक्शन, घाबरतेस काय." मला कधीकधी त्याचा रागही यायचा. इंजिनिअरिंगच्या मुलीला गाडीत सगळ्यांसमोर अपूर्णांक शिकवतायत. मी आवाज हळू करायचे, त्या मुद्दाम मोठ्याने बोलायच्या. बहुतेक मुद्दाम नसेल, गाडीचाच आवाज मोठा असतो.

डिसेंबरला एक्केचाळीस मार्क पडले. एक्केचाळीस हा काही सांगण्यासारखा आकडा नाही आणि ती मदत नसती तर मी नापासच झाले असते असंही मला छातीठोकपणे म्हणता येत नाही, कदाचित पेपर सोपा होता. पुढच्या सेमिस्टरला मॅडम दिसल्या नाहीत. तासिकावाल्यांचं काय, तास संपले की संपलं, निरोप समारंभ वगैरे नसतो. मी पेढे घेऊन स्टाफरूमला गेले तर तिथल्या टेबलावर दुसरंच कोणीतरी. ते पेढे आम्ही कॅन्टीनमध्ये खाल्ले. घरी अजूनही सगळ्यांना असंच वाटतं की तेव्हा रिव्हॅल्युएशनमध्ये निघाले.

इथपर्यंतची गोष्ट मी बऱ्याच जणांना सांगितली आहे, गवारीचा किस्सा म्हणून, पार्टीत वगैरे चांगला रंगतो. पुढची सहसा सांगत नाही.

फायनल इयरला असताना एक ज्युनिअर मुलगा आला होता. जळगावकडचा, नेरूळला चौघांत एक खोली घेऊन राहायचा, शर्ट नेहमी इस्त्रीचा. कोणीतरी त्याला सांगितलं होतं की या ताईला एम-टूची केटी होती आणि निघाली. लायब्ररीबाहेर थांबून म्हणाला, "ताई, थोडं समजावून सांगाल का, मला काहीच कळत नाही." काहीच. माझं प्रोजेक्ट अडकलं होतं, कॅम्पसच्या मुलाखती चालू होत्या, आणि केटीवाली ताई म्हणून आपण फेमस आहोत हे मला त्या क्षणी झोंबलं, हेही होतंच. मी दुसऱ्या दिवशी त्याला माझी पूर्ण फाइल आणून दिली. दीडशेक पानं, रंगीत पेनांनी अंडरलाइन केलेली. म्हटलं, "झेरॉक्स काढ आणि परत दे, सगळं आहे यात." मला स्वतःचं कौतुकच वाटलं होतं, एवढी फाइल कोण देतं. त्याने चार दिवसांनी परत केली, नवीन प्लास्टिकचं कव्हर घालून, आत एक डेअरी मिल्क ठेवून. थँक्यू ताई म्हणाला. उभा राहिला थोडा वेळ. मी विचारलं, "अजून काही?" तर म्हणाला, "नाही ताई, काही नाही."

पुढच्या वर्षी तो नव्हता. गावी गेला म्हणे. फेसबुकवर आहे माझ्याकडे, बियाण्यांचं दुकान आहे, मुलगी आहे, दर पोळ्याला बैलांचे फोटो टाकतो. बरं चाललेलं दिसतं. मला ते बघून बरं वाटतं, आणि मग बरं वाटून घेण्यासाठीच आपण ते फोटो बघतो की काय असं वाटून फोन बाजूला ठेवते. कदाचित इंजिनिअरिंग त्याला नकोच असेल. पण मी त्याला एक प्रश्नसुद्धा विचारला नाही, तो प्रश्न मला पाठ असताना.

तर, भाचा. दोन दिवस मी नुसतीच घुटमळले, थेट विचारलं तर तो अजून आत जाणार हे माहीत होतं. शेवटी रविवारी त्याला ठाण्याला बोलावलं, मिक्सरचं भांडं न्यायला, जे ताईला नकोच होतं. आला. मामलेदारची मिसळ खाऊ म्हटलं. तिथे बोलायची सोय नसते, मागे माणूस उभा असतो तुमच्या उठण्याची वाट बघत, आणि तिखटाने दोघांच्याही नाकातोंडातून पाणी, त्यामुळे डोळ्यांत पाणी कशाचं हे विचारावं लागत नाही. तिथून तलावपाळीला येऊन बसलो. मग हळूहळू निघालं. तीन केट्या. घरी एक माहितीये. मॅथ्स, आणि दोन अजून. मी म्हटलं अरे तुमच्याकडे मेंटर असतात ना आता? म्हणाला असतात, वीस मुलांना एक सर, व्हॉट्सॲप ग्रुप आहे, त्यावर फी आणि अटेंडन्सचे मेसेज येतात आणि कॉलेज तपासायला कमिटी येणार असेल तेव्हा मेंटरिंगच्या फॉर्मवर मागच्या सहा महिन्यांच्या सह्या एकदम करतात. काउन्सेलर? तीही आहे. २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानेच सांगितलं ना, शंभर किंवा जास्त मुलं असतील तिथे समुपदेशक हवा, तर आहे, मंगळवारी दोन ते चार. एक्झाम सेलच्या शेजारी, काचेचा दरवाजा. "मावशी, बाहेर फॉर्म भरायची लाइन असते. सगळे आत बघतात." टेलि-मानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा, १४४१६ नंबर कॅन्टीनच्या भिंतीवर लावलाय, फुकट आहे, रात्रीसुद्धा उचलतात, मराठीत बोलता येतं, हे त्याला सगळं माहीत होतं. मी विचारलं, मग केलास का कधी? "गणित येत नाही म्हणून कोण तिथे फोन करतं." मी म्हटलं करायचा, गणितापाशी सुरू झालेलं गणितापाशी थांबत नाही बऱ्याचदा, नंबर सेव्ह कर माझ्यासमोर. केला. यूट्यूबवर एनपीटेलपासून सगळ्यांची लेक्चर्स सेव्ह करून ठेवली आहेत त्याने, आयआयटीचे प्रोफेसर फुकटात, आमच्या वेळेला हे एवढं हाताशी नव्हतं. दीडशे पानांच्या फाइलच्या जागी दोनशे तासांचे व्हिडिओ.

मी विचारलं, "कुठपर्यंत कळलं होतं?"

तो बराच वेळ तळ्यातल्या बोटींकडे बघत बसला. मग म्हणाला, "लाप्लास चालू झालं तोपर्यंत ठीक होतं. इन्व्हर्स लाप्लासमध्ये ते पार्शल फ्रॅक्शन करतात ना, तिथे." मग थोड्या वेळाने, "ते बारावीत पण येत नव्हतं खरं तर. एमसीक्यू होते, ऑप्शन टाकून बघायचो." मला एकदम इतकं हलकं वाटलं, म्हटलं पार्शल फ्रॅक्शन ना, ते तर मला येतं, काढ कागद. त्याच्या सॅकमध्ये हॉल तिकिटाची झेरॉक्स होती, तिच्या मागे लिहायला घेतलं. एक भागिले, खाली एस गुणिले एस प्लस वन. सगळ्यात सोपं घेतलं. आणि मी झोकात लिहिलं, एक भागिले एस, प्लस, एक भागिले एस प्लस वन.

त्याने मान तिरकी करून बघितलं. "मावशी, मायनस नाही का येणार?"

मी म्हटलं नाही रे, प्लसच. "अगं बघ ना, प्लस घेतलंस तर वर टू एस प्लस वन येतंय. आपल्याला वर नुसता वन पाहिजे." मी परत करून बघितलं. येतच होतं टू एस प्लस वन. सोळा वर्षं झाली, ऑफिसमध्ये एक्सेलच्या पलीकडे काही लागत नाही, कुठून लक्षात राहणार. "तुला येतच नाहीये!" तो म्हणाला, आणि त्याचा चेहरा असा काही उजळला की मला थोडा अपमान पण वाटला. पेन काढून घेतलं माझ्या हातातून. मायनस केलं, इन्व्हर्स घेतला, वन मायनस ई रेज टू मायनस टी, खाली दोन रेघा ओढल्या. मग पुढचं गणित लिहिलं, जरा वाकडं, खाली एस स्क्वेअरवालं. त्यात आम्ही दोघंही अडकलो.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. ताई. मी इतकी जवळ बसले होते की तिचा आवाज मला ऐकू येत होता, इतका वेळ काय करताय रे दोघं तिथे, मिक्सरचं भांडं न्यायला तीन तास लागतात का. त्याने एकदा माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "काही नाही आई, असंच."

मी कागदावरच्या त्या एस स्क्वेअरकडे बघत राहिले.